एंजलवरचा आळ

एंजल माशांच्या जोडीने पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर अंडी घातली की घरातला माणूस हरखून दुकानदाराला फोन लावतो, आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : "लगेच काढून घ्या साहेब, रात्रीतून खाऊन टाकतील." मग पान कापलं जातं, नळी उपसली जाते, बरणीतलं पाणी मिथिलीन ब्लूने निळंशार होतं आणि अंड्यांशेजारी एअर स्टोनचे बुडबुडे सुटतात. तिकडे मोठ्या टाकीत नर-मादी रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहतात. कुर्ल्याच्या बाजारातला विक्रेता हेच सांगतो, पुण्यातला सांगतो, वीस-वीस वर्षं मासे पाळणारे जुनेजाणतेही हेच सांगतात. सल्ला इतका मुरला आहे की त्यामागचं कारण आता कोणी विचारत नाही.

ते विचारायला हवं. एंजल ज्या कुळातला, ते सिक्लिड आपलीच अंडी खातात म्हणून माणसाने ती त्यांच्यापासून वाचवावीत, ही समजूत माशांवर अन्याय करणारी आहे आणि घरी मासे पाळणाऱ्याला भलत्याच वाटेला लावणारी आहे. गोल्डफिश, बार्ब, टेट्रा हे अंडी टाकून निघून जाणारे मासे. समोर दिसली तर ते ती खातातही. त्यांची अंडी बाजूला काढली तर समजू शकतं. पण सिक्लिडांचं कूळ वेगळं. वर्णन झालेल्या सतराशेहून अधिक जातींचं हे कूळ शास्त्रज्ञांमध्ये गाजलं तेच मुळी अंड्या-पिल्लांची राखण करणारं म्हणून. कोणी ती दगडावर चिकटवून पहारा देतं, कोणी तोंडात धरून उपाशी राहतं. अशा कुळातल्या माशाला "हा अंडी खाणारा" म्हणून ओळखायला लागणं, हे काहीतरी गडबड झाल्याचं लक्षण आहे, आणि माझ्या मते ती गडबड माशात नाही.

सल्ला आला कुठून, ते आधी पाहू. आपल्या दुकानांतले एंजल बहुतेक करून चेन्नईच्या कोळत्तूर भागातून नाहीतर कोलकात्याच्या आसपासच्या टाक्यांतून येतात. तिथे हा पोटापाण्याचा धंदा आहे. अंडी काढून घेतली की जोडी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते. पिल्लं तिच्याकडेच ठेवली तर पुढची खेप बरीच लांबते. एकेका खेपेला शेकड्यांनी अंडी मिळतात, बरणीत हात बसला की त्यातली बरीच फुटतात, पिल्लं एका मापाची वाढतात, गिऱ्हाइकाला तशीच हवी असतात. धंदेवाल्याने अंडी काढू नयेत असं मी म्हणणार नाही. त्याचा हिशेब चोख आहे. पण दुधाच्या धंद्यात वासरू बाजूला बांधतात, म्हणून गाईला वासरू सांभाळता येत नाही असा निष्कर्ष कोणी काढत नाही. माशांच्या बाबतीत नेमका तोच निष्कर्ष काढला गेला. धंद्याची सोय घरापर्यंत पोचेपोचेतो माशाचा स्वभावदोष होऊन बसली.

आता आरोपाकडे वळू. अंडी नाहीशी होतात हे खरं. पण ती कोणी खाल्ली, हे पाहिलंय कोणी? बहुतेक घरांत प्रसंग असा घडतो : रात्री अकराला दिवा बंद केला तेव्हा अंडी होती, सकाळी सातला नव्हती. टाकीत एंजलखेरीज आठ-दहा टेट्रा, एखादी गोरामी आणि काच साफ करतो म्हणून दुकानदाराने अगत्याने दिलेला सकर मासा. हा सकर रात्री फिरतो. अंधारात एंजलला धड दिसत नाही, त्याला मात्र काचेवरून सरकत सरकत पानापर्यंत पोचता येतं आणि अंडी हे त्याच्यासाठी आयतं जेवण असतं. सकाळी तो खोपच्यात निवांत चिकटून बसलेला असतो आणि आळ येतो आई-बापांवर. ज्याने सकर विकला तोच दुसऱ्या दिवशी "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणतो, ही यातली खरी गंमत.

दुसरी गोष्ट, जे खाणं दिसतं ते पुष्कळदा खाणं नसतंच. एंजलची जोडी अंडी घालते तेव्हा टाकीसमोर शांतपणे बसून पाहावं. आधी दोघं मिळून जागा घासतात : रुंद पान, स्लेटचा तुकडा, नाहीतर उभी पाइप. तोंडाने टोचे मारमारून शेवाळ आणि कचरा काढतात. मग मादी पोट पृष्ठभागाला लावून खालून वर सरकते आणि तिच्यामागे मण्यांची ओळ उमटत जाते. नर त्याच ओळीवरून मागोमाग जातो. अंडी जेमतेम मिलिमीटरभर, मधाच्या रंगाची आणि आरपार. पुढचे दोन दिवस एक जण छातीच्या परांनी त्यांच्यावर पाणी हलवत राहतो, दुसरा पहाऱ्यावर, आणि थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलते. मधूनच कोणी पुढे होतं आणि एखादं अंडं टिपून घेतं. "खाल्लं, खाल्लं!" म्हणून घरात ओरडा होतो. पण टिपलेलं अंडं जवळून पाहा : ते पांढरं पडलेलं असतं. फळलेलं नसतं, किंवा त्यावर बुरशी धरायला लागलेली असते, आणि ती तशीच राहिली तर शेजारच्या दहा अंड्यांना धरते. बरणीत मिथिलीन ब्लू जे काम करतं तेच काम इथे तोंडाने चाललेलं असतं. फरक इतकाच की औषध चांगलं-वाईट अंडं निवडत नाही.

अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. फुटल्यावर पिल्लं पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पानाला लटकून नुसती शेपूट वळवळवत राहतात. या काळात आई-बाप त्यांना तोंडात घेतात, चघळल्यासारखं करतात आणि दुसऱ्या स्वच्छ जागी नेऊन थुंकतात. संध्याकाळी पान रिकामं दिसतं, माणूस हळहळतो. आणि पिल्लं असतात चार बोटांवर, फिल्टरच्या मागच्या काचेला चिकटलेली. खाली पडलेलं पिल्लू उचलून परत त्या घोळक्यात चिकटवणारा नर मी कितीतरी वेळ पाहत बसलो आहे. एकच पिल्लू पुन्हा पुन्हा घसरायचं आणि तो पुन्हा पुन्हा खाली जायचा.

तोंडातल्या पिल्लाचं काय होतं, यावर कोनराड लोरेन्झ यांनी सांगितलेली हकिकत अजून कोणी मागे टाकलेली नाही. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे एक. 'किंग सॉलोमन्स रिंग' या त्यांच्या पुस्तकात ज्वेल सिक्लिडच्या एका बापाची गोष्ट आहे. संध्याकाळ झालेली, बाप इकडेतिकडे भटकलेली पिल्लं तोंडात गोळा करून घरट्याकडे आणतोय. लोरेन्झ यांनी टाकीत गांडुळाचा तुकडा टाकला, बापाने तो तोंडात घेऊन चावायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात एकटं पोहणारं एक पिल्लू त्याला दिसलं. तो धावला, पिल्लूही तोंडात घेतलं. आता एकाच तोंडात एक घास पोटात जायचा आणि एक घरी न्यायचा. मासा फुगलेल्या गालांनी जागच्या जागी थांबला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकलं, गांडूळ सावकाश खाल्लं, खाताना एक डोळा तळाशी पडलेल्या पिल्लावर ठेवला, आणि खाणं संपल्यावर पिल्लू उचलून आईकडे पोचवलं. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात. भूक लागलेली, तोंडात अन्न असलेलं, आणि तरीही घास कोणता आणि लेकरू कोणतं हे कळणारं हे कूळ आहे. "तोंडात घेतलं म्हणजे गिळलं" हा पुरावा या माशांपुढे टिकत नाही.

तरीही काही जोड्या अंडी खरोखर खातात. सकर नाही, टेट्रा नाहीत, दिवसाढवळ्या, डोळ्यांदेखत. हे मी नाकारत नाही. वाद आहे तो त्याच्या अर्थाबद्दल. अंडीकाढे मंडळी म्हणतात, हा माशाचा विकार. जीवशास्त्राने हा विचार मागे टाकून पुष्कळ वर्षं झाली. सिव्हर्ट रोव्हर यांनी १९७८ मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मध्ये मांडलं, की राखण करणाऱ्या माशाने स्वतःची अंडी खाणं हा बिघाड नसून हिशेबही असू शकतो : ही खेप पार पडण्याची आशा नसेल, तर तीत अडकलेली ताकद परत घेऊन पुढच्या खेपेला लावायची. थोडक्यात, मासा परिस्थितीवर मत देतोय. आणि काचेच्या टाकीतली परिस्थिती कोणाच्या हातात असते? शेजारी दहा भुकेले मासे ठेवणारे आपण, दर तासाला टॉर्च मारून बघणारे आपण, पाहुण्यांच्या पोरांना काचेवर टिचक्या मारू देणारे आपण, रात्री खटकन दिवा घालवून काळोख करणारेही आपणच. त्यातून जोडी पहिलटकर असेल तर एक-दोन खेपा अशाच जातात. मासा अंडी खातो तेव्हा तो टाकी चालवणाऱ्याच्या कारभाराबद्दल तक्रार नोंदवत असतो. अंडी काढून घेऊन आपण ती तक्रार वाचायचीच टाळतो.

यावर जाणत्यांकडे एक हुकमी पान असतं आणि ते बऱ्यापैकी वजनदार आहे. ते म्हणतात, ॲमेझॉनमधल्या एंजलबद्दल हे ठीक. आपल्याकडचा एंजल पिढ्यान् पिढ्या बरणीत जन्मलेला, त्याची राखण करायची उपजत बुद्धी केव्हाच मेली. मुद्दा विचार करण्यासारखा आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. ज्या वंशात राखण न करणाऱ्याचीही अंडी माणूस वाचवतो, तिथे निष्काळजी जोडीचा वंश काळजीवाहू जोडीइतकाच वाढतो. निवड थांबते. पण हे मान्य केलं तर त्यातून निघतं काय? बरणीने नुकसान केलं, म्हणून आणखी बरणी? आणि मुळात उपजत बुद्धी मेली हे ठरवलं कोणी? ज्याने दर खेपेला दोन तासांच्या आत पान कापलं त्याने? परीक्षेलाच बसू न दिलेल्या पोराला नापास ठरवण्याचा हा प्रकार. दुकानातून आणलेल्या, बरणीत जन्मलेल्या साध्या काळ्या-पांढऱ्या एंजलच्या जोड्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला पिल्लांचा थवा घेऊन फिरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा दावा पटणं कठीण. काही जोड्या कधीच शिकत नाहीत, हेही खरं. मग त्या जोडीने पिल्लं वाढवली नाहीत तर बिघडलं काय? एंजल काही नामशेष व्हायला आलेला नाही.

दुसरा सल्ला "कन्फर्म पेअर"चा. जोडी लावायची कटकट नको, दुकानातून तयार जोडी घ्या, चार पैसे जास्त पडतील. एंजलमध्ये नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. अंडी घालायच्या सुमारास पोटाखालची नळी दिसते तेव्हाच कळतं, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एरवी सगळा अंदाज. दोन माद्याही एकमेकींशी जोडी जमवतात, एकत्र जागा घासतात, अंडी घालतात, राखतातही. ती सगळी पांढरी पडतात. "कन्फर्म" म्हणून विकलेल्या अशा जोड्या पुष्कळ घरांत आहेत, आणि यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. विकणाराही फसलेला असतो. ब्लड पॅरटची कथा आणखी वेगळी. तो संकरित मासा. त्याचे नर बहुतेक वांझ असतात. तरी पॅरटची जोडी दर महिन्याला अंडी घालते आणि मालक दर महिन्याला औषध बदलतो.

खरी जोडी जमते ती माशांनी जमवली तर. रुपयाच्या नाण्याएवढे सहा एंजल एकत्र वाढवायचे आणि आठ-दहा महिने वाट पाहायची. एक दिवस दोघं जण एक कोपरा धरतात आणि उरलेल्या चौघांना तिकडे फिरकू देत नाहीत. तेव्हा हलवायचं ते त्या चौघांना. जोडीला तिच्या कोपऱ्यातून उठवलं तर पुष्कळदा सगळं विस्कटतं. हे सांगितलं की लोक म्हणतात, माशांना कसली आलीय पसंती? फ्रान्समध्ये दिजाँ इथल्या बर्गंडी विद्यापीठात कॉनव्हिक्ट सिक्लिडवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माद्यांना डबीचं झाकण काढायला शिकवलं होतं : एका प्रकारच्या डबीत खाणं असतं, दुसरीत नसतं. मग मधलीच, कुठल्या प्रकारची ते सांगता न येणारी डबी ठेवली. जिने निवडलेला नर काढून घेतला होता ती मादी या संदिग्ध डबीकडे जायला वेळ लावू लागली, जणू आत काही असणार नाही असंच धरून चालली. न निवडलेला नर काढून घेतला तर असा फरक पडला नाही. मासे प्रेम करतात, असं मी म्हणत नाही. पण दोन अनोळखी मासे पिशवीतून एका टाकीत ओतले म्हणजे जोडी झाली, असं म्हणणाऱ्याने हा प्रयोग एकदा वाचावा. फ्लावरहॉर्नसारख्या सिक्लिडच्या बाबतीत तर हे ओतणं मादीच्या जिवावर बेतू शकतं. तिथे मध्ये जाळी लावून दिवसच्या दिवस काढावे लागतात.

पाण्याबद्दलच्या उपदेशावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. आरओ घ्या, हीटर बत्तीसवर न्या, अमुक थेंब टाका, तमुक पानं उकळा. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी येतं. ते मुळातच मऊ आहे. क्लोरीन घालवलं, चोवीस तास मुरवलं, दर आठवड्याला पाव टाकी बदलली, सत्तावीस-अठ्ठावीस अंश राखले, की धंद्यातल्या एंजलला आणखी काही लागत नाही. बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल तर तेवढा विचार करावा. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असली म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, जोडीला पुरे. फिल्टर स्पंजचा. अंड्यांसाठी शहाबादी फरशीचा तुकडा टाकू नका, तो चुनखडीचा असतो आणि पाणी हळूहळू जड करतो. त्यापेक्षा शाळेतली जुनी दगडी पाटी लाकडी चौकट काढून तिरपी उभी करा. रात्री खोलीत एक झिरोचा दिवा. ज्याला "ब्रीडिंगचं सिक्रेट" म्हणून विकतात, ते हे एवढंच, आणि खाऊ : ब्लडवर्म, आर्टेमिया, पोट भरेल पण पाणी नासणार नाही इतपत.

अंडी काढण्याच्या सल्ल्याची खरी परीक्षा होते ती डिस्कसपाशी. एंजलचाच भाऊबंद, ॲमेझॉनचाच, आणि किमतीने एंजलच्या कितीतरी पट. डिस्कसची पिल्लं पोहू लागली की सरळ आई-बापांच्या अंगावर तुटून पडतात आणि कातडीवरचा बुळबुळीत स्राव खातात. तोच त्यांचा पहिला आहार. जोनाथन बकली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा स्राव तपासला. अंडी घातली जातात त्या सुमारास त्यातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक घटक वाढतात. पहिले दोन आठवडे आई-बाप पिल्लांना मनसोक्त खाऊ देतात, तिसऱ्या आठवड्यापासून थोडा थोडा वेळ त्यांच्यापासून दूर जायला लागतात, म्हणजे चक्क अंगावरचं तोडतात. आपल्याच देशातली, केरळच्या बाजूच्या निमखाऱ्या पाण्यातली ऑरेंज क्रोमाइडही पिल्लांना असं अंगावर चरू देते. वॉर्ड आणि बार्लो यांनी १९६७ मध्येच ते लिहून ठेवलं आहे. अशा माशाची अंडी "सुरक्षित" म्हणून बरणीत काढली की माणसाला अंड्याच्या बलकाची पेस्ट करून काचेला फासत बसावं लागतं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तितक्याच वेळा पाणी बदलत. करणारे करतात. पण त्याला कोणी वाचवणं म्हणू नये. एंजलची पिल्लं स्रावावर वाढत नाहीत, त्यांना ताजं फुटलेलं आर्टेमिया चालतं. म्हणूनच एंजलच्या बाबतीत हा सल्ला उघडा पडत नाही आणि पिढ्यान् पिढ्या खपत राहतो.

राहिला आकड्यांचा मुद्दा. बरणीत तीनशेतली दोनशे जगतील, आई-बापांकडे तीस-चाळीस. मग शहाणपणा कशात? माझं उत्तर सरळ आहे : तीस-चाळीसमध्ये. वन-बीएचकेत राहणाऱ्या माणसाने दोनशे एंजल करायचे तरी काय? दोन महिन्यांत ते नाण्याएवढे होतात, सहा महिन्यांत प्रत्येकाला हात पसरायला जागा लागते. दुकानदार वीस घेतो, पंचवीस घेतो, तेही खाण्याच्या डब्याच्या बदल्यात. मग फोन उचलायचं बंद करतो. शेजारच्या मुलाला सहा, भाचीला चार. उरलेले दीडशे? हा प्रश्न "अंडी वाचवा" म्हणणाऱ्यांनी कधीच सोडवलेला नाही. त्यांच्या सल्ल्याची गोष्ट पिल्लं पोहायला लागली की संपते. आई-बापांच्या टाकीत जी छाटणी होते तीही राखणीचाच भाग आहे. कमजोर पिल्लू मागे पडतं, वाकड्या पाठीचं टिकत नाही, उरतात ती दणकट असतात. बरणीत मात्र लुळी-पांगळीही जगवली जातात आणि "सेकंड क्वालिटी" म्हणून विकली जातात.

आणि जी विकली जात नाहीत ती पिशवीत भरून कोणीतरी "पुण्य" म्हणून जवळच्या तळ्यात सोडून येतं. हे पुण्य काय असतं ते आपल्याला शिकवायला लांबचं उदाहरण लागत नाही, आपली चिलापी आहे. मोझांबिकचा हा सिक्लिड १९५२ मध्ये सरकारी हातांनी भारतात आला, खाण्यासाठी. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, कोणी अंडी काढून घेत नाही, हीटर लागत नाही, पेअर कन्फर्म करावी लागत नाही. आज उजनीपासून गावोगावच्या तलावांपर्यंत चिलापी पसरली आहे. ती स्वस्त मिळते, लोक खातात, कोळ्यांच्या संसाराला तिचा आधार आहे. पण स्थानिक माशांना तिने जी जागा सोडायला लावली ती परत मिळालेली नाही. टाकीतला सकर मासाही असाच देशभरच्या जलाशयांत पोचला, आणि तो कोणत्याही सरकारने सोडला नव्हता. तो आपल्यासारख्यांच्या बादल्यांतून गेला.

म्हणून घरी सिक्लिडची जोडी लावू नका, असं मी सांगत नाहीये. जरूर लावा. शहरातल्या घरात, सोफ्यावर बसल्या बसल्या, जनावराने आपली पिल्लं कशी वाढवावीत हे दाखवणारं याहून स्वस्त आणि याहून चांगलं काही मला ठाऊक नाही. आणि जो सल्ला ते दृश्यच कापून बरणीत घालतो, तो ऐकून नेमकं काय मिळवायचं, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. अंडी दिसली की दुकानदाराला फोन जरूर करा, पण अंडी कशी काढू हे विचारायला नको. विचारायचं ते एवढंच : "तीसेक पिल्लं होतील तीन महिन्यांनी. घ्याल का?" तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान शोधायला अजून तीन महिने हातात आहेत. तिघाचौघांनी नाही म्हटलं, तर या खेपेला सकर टाकीतच राहू द्या.